कमी खर्चात सिगार: आधी सांगलीच्या हवेचा बंदोबस्त

सांगली-मिरजेत सिगार ओढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण तिच्याबद्दल कुतूहल असणारे पुष्कळ. घरात ती येते बहुतेकदा दुबईच्या मेहुण्याकडून. विमानतळावर घेतलेली पेटी, आत सोनेरी पट्ट्यांच्या चार-पाच सिगारी. ती कपाटात साड्यांशेजारी, डांबरगोळ्यांच्या सोबतीला जाऊन बसते. दिवाळीत आलेली पेटी आंब्याच्या दिवसांत उघडली की पान चुरचुरीत वाळलेलं असतं. पेटवली की भसाभस जळते, तोंड कडू होतं, आणि मंडळी म्हणतात, ‘फुकट पैसे जाळले, यापेक्षा विडी बरी.’

त्या सिगारीचं म्हणाल तर ते खरंच बोलतात. पण मेहुण्याचा दोष नाही आणि सिगारीचाही नाही. तंबाखूचं पान हवेतली ओल पितं आणि हवेला परत देतं, आणि सांगलीची हवा वर्षातून दोनदा टोकाला जाते. म्हणून हात आखडता ठेवून या वाटेला जायचं असेल तर पहिला रुपया सिगारीवर घालू नये, तिला ठेवायच्या डब्यावर घालावा.

त्याआधी एक गोष्ट रोखठोक. ज्याला तंबाखूची सवय नाही त्यानं हे नुसतं माहिती म्हणून वाचावं आणि पैसे दुसऱ्या एखाद्या छंदात घालावेत. धूर छातीत घेत नाहीत म्हणून सिगार निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका तिच्यात पुरेपूर आहे. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाशेजारी राहून हे वेगळं समजवायला लागू नये. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा कुठलाही माल विकणं हा गुन्हा आहे, तेही लक्षात असू द्या. हे सगळं कळून-सवरून वर्षातून चार-सहा वेळा जे ओढतातच, त्यांच्यासाठी पुढचं.

प्रीमियम सिगार ओळखायच्या खुणा तीन. ती हातानं वळलेली असते, आत तुकडे नसून अखंड लांब पानं असतात, आणि वरून गुंडाळलेलंही खरंखुरं तंबाखूचं पानच असतं. उभी चिरून बघितली तर तीन थर दिसतात. पोटातली पानं म्हणजे फिलर, त्यांना आवळून धरणारं जाडसर पान म्हणजे बाइंडर, आणि सगळ्यांवर ताणून बसवलेलं देखणं पान म्हणजे रॅपर. सगळ्यात महाग तेच. त्यावर एक भोक किंवा जाड शीर चालत नाही, म्हणून अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये ते कापडी मांडवाखाली सावलीत वाढवतात, आणि इक्वाडोरमध्ये ढगच इतके असतात की मांडवाचा खर्च वाचतो.

फिलरमध्ये मात्र खरी गंमत आहे. झाड एकच, पण पान कुठल्या उंचीवरून खुडलं त्यावर त्याचा स्वभाव ठरतो. बुडाकडची पानं म्हणजे वोलाडो. चव जेमतेम, पण पेटायला चांगली. मधली सेको, सुवास बराचसा तिचा. शेंड्याजवळची, भरपूर ऊन खाल्लेली पानं म्हणजे लिगेरो: जाड, तेलकट, कडक, आणि जळायला मंद. वळणारा कारागीर लिगेरो नेहमी मधोमध ठेवतो. ती कडेला सरकली तर सिगार एका अंगानं जळत जाते आणि दुसरं अंग तसंच राहतं. कडकपणा ठरतो तो या लिगेरोच्या प्रमाणावर, वरच्या रंगावर नाही. नवखा माणूस दुकानात काळीभोर सिगार बघून बिचकतो. प्रत्यक्षात ते काळं पान, म्हणजे मादुरो, जास्त काळ आंबवलेलं असतं आणि बऱ्याचदा गोडसर लागतं. उलट फिकट रॅपरच्या आत कारागिरानं काय भरलंय ते ओढल्याशिवाय कळत नाही. दुकानदाराला ‘लाइट कुठली?’ विचारण्यापेक्षा ‘माइल्ड कुठली?’ विचारा.

आपल्या भागातल्या लोकांना वाटतं, तंबाखू म्हटली की निपाणीची. १९८१च्या शेतकरी आंदोलनामुळे निपाणीचं नाव महाराष्ट्रात घरोघरी गेलं. पण ती तंबाखू विडीची; सिगारीच्या पानाची जात वेगळी आणि त्यावर होणारी मेहनतही वेगळी. सिगारीचं पान झापात टांगून दीड-दोन महिने वाऱ्यावर सावकाश वाळवतात. मग त्याचे माणसाच्या छातीइतके उंच ढीग रचतात. ओलीमुळे आणि दाबामुळे ढीग आतून तापतो, पान आंबतं, अमोनियाचा उग्र वास निघून जातो. ढीग मोडून, वरचं खाली करून, पुन्हा रचतात. बी पेरल्यापासून सिगार दुकानात येईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात.

धूर छातीत का घेत नाहीत, याचं उत्तरही या वाळवण्यातच आहे. सिगारेटचं व्हर्जिनिया पान भट्टीच्या गरम हवेनं झटपट वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर टिकते आणि धूर आम्लधर्मी होतो. अशा धुरातलं निकोटीन तोंडातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून सिगारेटवाल्याला दम छातीत ओढावा लागतो. सिगारीच्या पानातली साखर सावकाश वाळताना आणि आंबताना संपून जाते, धूर अल्कधर्मी होतो, आणि निकोटीन थेट गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरतं. तळहातावर तंबाखू मळताना आपले लोक चुना लावतात, त्यामागचं रसायन हेच. चुना अल्क आहे, तो निकोटीन मोकळं करतो. त्यामुळे सिगारीचा धूर तोंडात घोळवून सोडून दिला तरी डोकं गरगरू शकतं. रिकाम्या पोटी तर नक्कीच. भरपेट जेवून मगच पेटवावी आणि शेजारी गुळाचा खडा ठेवावा. बाहेरच्या देशांत अशा वेळी साखर खातात. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसानं गूळ सोडून साखरेकडे का जावं?

आता देश कुठला, हा प्रश्न. सिनेमानं सगळ्यांच्या डोक्यात क्युबा भरून ठेवलाय. चांगल्या क्युबन सिगारीची किंमत आपल्याकडे चार आकडी असते, आणि २०२२मध्ये कोहिबासारख्या नावाजलेल्या ब्रँडच्या किमती जगभर एकदम चढवल्या, तेव्हापासून ते प्रकरण मध्यमवर्गीय खिशाबाहेरच गेलं. पण एक जुनी घडामोड आपल्या पथ्यावर पडली आहे. १९५९च्या क्रांतीनंतर क्युबातले सिगारचे कारखाने सरकारनं ताब्यात घेतले, १९६२मध्ये अमेरिकेनं क्युबाचा माल बंद केला, आणि तिथली कितीतरी कसबी कुटुंबं बियाणं आणि हातातलं कसब घेऊन डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथे जाऊन बसली. आज निकाराग्वात एस्तेलीच्या ज्वालामुखीच्या मातीत येणारं पान मिरमिरीत, दमदार असतं. डोमिनिकन माल साधारणपणे सौम्य. दोन्हीकडच्या सिगारी वळण्याच्या कामात क्युबाच्या तोडीस तोड, आणि किंमत मात्र खाली. क्युबाचाच हट्ट असेल तर किंतेरो किंवा होसे एल पिएद्रा असे साधे ब्रँड आहेत. त्या हातानंच वळतात, पण पोटात अखंड पानाऐवजी तुकडे असतात, म्हणून स्वस्त. त्या लवकर तापतात आणि राख गळते, पण क्युबाच्या पानाची चव कळायला पुरेशा आहेत. माझं मत विचाराल तर अशा पाच घेण्यापेक्षा लांब पानाची एक डोमिनिकन बरी.

आकारावरून पैसे वाचतात, हे फार लोकांच्या ध्यानात येत नाही. लांबी इंचात सांगतात आणि जाडी ‘रिंग गेज’मध्ये. एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. रोबस्टो नावाच्या आकाराची सिगार साधारण ५ इंच लांब आणि ५० रिंगची, म्हणजे जवळपास २० मिलिमीटर जाड. ती संपायला पाऊण ते एक तास लागतो. चर्चिल ७ इंचांची, तिला बैठक मारून बसावं लागतं. नवख्यानं पेतित कोरोना घ्यावी: पाचएक इंच लांब, ४२ रिंग, अर्ध्या-पाऊण तासात संपणारी. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात धूर गरम आणि कडक होत जातो, आणि सवय नसलेला माणूस तिथेच ती ठेवून देतो. मोठी घेतली तर टाकलेला तुकडाही तेवढाच मोठा आणि तेवढाच महाग.

आता डब्याकडे येऊ. खरं तर हळदीच्या गावाला हे शिकवावं लागू नये. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं म्हणजे जमिनीतली ह्युमिडॉरच. ह्युमिडॉर म्हणजे सिगारी ठेवायची, आतली ओल कायम राखणारी पेटी. नदीकाठच्या त्या मातीत खड्डे घेऊन, हळद भरून, तोंड लिंपून टाकलं की वर ऊन तापो नाहीतर पाऊस कोसळो, आतली हवा बदलत नसे. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि व्यापार मोठ्या प्रमाणात गोदामांकडे आणि कोल्ड स्टोरेजकडे वळला. पण तत्त्व तेच राहतं: माल टिकतो तो थंडाव्यानं जितका, तितकाच न बदलणाऱ्या हवेनं.

सिगारीला लागते ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत. जुलैत भिंतींना ओल येते. लाकडी ह्युमिडॉर बघायला सुंदर, पण स्वस्तातल्या पेट्यांची झाकणं नीट बसत नाहीत आणि मेमध्ये त्या हवा धरत नाहीत. त्यावर पैसे घालू नका. रबराची कड आणि चारी बाजूंनी क्लिप असलेला प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा घ्या. नवा घ्या, ज्यात एकदा मसाला ठेवला तो डबा जन्मात उपयोगाचा नाही. त्यात ६५ टक्क्यांचं आर्द्रतेचं पाकीट टाका. हे पाकीट दुहेरी काम करतं, हवा कोरडी झाली तर ओल सोडतं आणि दमट झाली तर ओढून घेतं. ६९चंही मिळतं, पण उष्णता आणि ओल एकत्र आली की बुरशीचं फावतं, म्हणून आपल्या गावाला ६५ बरं. सोबत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारा मीटर. मिळाली तर दुकानदाराकडून रिकाम्या पेटीतली लाकडाची पातळ फळी मागून घ्या. त्या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात. झाड सीडरचं नाहीच, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं आहे. एका बऱ्या क्युबन सिगारीच्या पैशात हा सगळा संसार उभा राहतो.

हायग्रोमीटरवर आल्या आल्या विश्वास ठेवू नका. स्वस्तातले मीटर चार-पाच टक्क्यांनी सर्रास चुकतात. तपासायला खर्च शून्य. पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या, त्यात अर्धा चमचा मीठ, वर पाण्याचे थोडे थेंब, मीठ विरघळू न देता फक्त ओलं होईल इतकेच. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवा, पाणी मीटरला लागू देऊ नका, पिशवी बंद करून रात्रभर सोडा. ओल्या मिठाभोवतीची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा त्या मिठाचा गुणधर्मच आहे. सकाळी मीटर ७१ दाखवत असेल तर तो ४ कमी दाखवतो. मागच्या बाजूला तेवढं लिहून ठेवा आणि पुढे मिळवत चला. माझ्या मीटरवर असाच चिकटपट्टीचा तुकडा आहे.

डबा कुठे ठेवायचा? स्वयंपाकघराच्या माळ्यावर नको, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर नको. जुन्या वाड्याचं माजघर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. फ्लॅट असेल तर आतल्या खोलीच्या कपाटात सगळ्यात खालचा कप्पा. फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होतो, पण आजकालचे फ्रिज आतली हवा कोरडी करत राहतात, आणि लसणाच्या चटणीचा वास पानात शिरला की तो निघत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा झाकण उघडून बघा. लव आल्यासारखी पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती सिगार बाहेर काढून टाकून द्या, पुसून ओढू नका.

उन्हाळ्यातली भीती वेगळी. तापमान २४ अंशांच्या वर राहिलं की पानात दडलेली किड्याची अंडी फुटू शकतात. सिगारीवर टाचणीनं टोचल्यासारखं गोल भोक दिसतं, आणि हलवली की भुकटी गळते. यार्डात ज्यांनी हळदीची पोती उपसली आहेत त्यांना हे भोक आणि ती भुकटी ओळखीची वाटेल. किडा तोच आहे. तंबाखूतला हा बारीक तपकिरी भुंगा साठवलेल्या हळदीला आणि मसाल्यालाही लागतो. उपाय असा: सिगारी दोन पिशव्यांत गच्च बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम गरम हवेत काढल्या तर रॅपर चिरतो. बाहेरून आणलेला माल उन्हाळ्यात मी असाच डब्यात घेतो.

खरेदीबद्दल थोडक्यात. सांगलीतल्या पानपट्टीवर चांगली सिगार मिळाली तरी ती काचेच्या कपाटात उन्हात वाळलेली असते. पुण्या-मुंबईच्या दुकानात जाणं झालं तर तिथे माल ठेवायची खोली कशी आहे ते आधी बघा. सिगार अंगठा आणि बोटात धरून हलकी दाबा. ती किंचित दबून परत यायला हवी. पेटी घेऊ नका, सुट्या घ्या, आणि एकाच प्रकारच्या दोन: एक महिन्याभरात ओढायची, दुसरी सहा महिन्यांनी. मधल्या काळात डब्यानं काय केलं ते तेव्हा कळतं. परदेशातून येणाऱ्याला शुल्काशिवाय २५ सिगारी आणता येतात, किंवा १०० सिगारेटी, किंवा १२५ ग्रॅम तंबाखू. तिन्ही मिळून नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर कुणी काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दाखवली तर हसून पुढे जा. तशी पेटी क्युबात बनतच नाही.

कापणं आणि पेटवणं याचं स्तोम फार. दोन पात्यांचा साधा कटर घ्या. डोक्याच्या बाजूला एक छोटी टोपी चिकटवलेली दिसते, तिचा वरचा भागच उडवायचा, दीड-दोन मिलिमीटर. टोपीच्या रेषेखाली गेलात तर रॅपर उलगडतो. पेट्रोलच्या लायटरचा वास लागतो, म्हणून गॅसचा लायटर किंवा काडेपेटी; काडीची गंधकाची पहिली भडक जळून जाऊ द्यावी. ज्योतीत न खुपसता थोडी वर धरून, फिरवत फिरवत, कडा लाल होईपर्यंत भाजायची. मग मिनिटाला एक झुरका. घाईघाईनं ओढली की पान तापतं आणि कडवटपणा येतो. दुबईच्या पेटीची निम्मी बदनामी या घाईमुळे झालेली असते. विझली तर राख झटकून पुन्हा पेटवा, त्यात कमीपणा नाही. संपवताना सिगारेटसारखी चिरडू नका, राखदाणीत तशीच सोडा, ती आपोआप विझते आणि खोलीत घाण वास राहत नाही.

कुठे ओढायची, याची उत्तरं आपल्याकडे कमीच. २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर बंदी आहे, हॉटेल आलं, कट्टा आला. सोसायटीच्या गॅलरीत पेटवली तर वरच्या वहिनींचं वाळत घातलेलं कापड दोन धुण्यांनंतरही तोच वास देईल. मळ्यातलं घर, नाहीतर स्वतःची गच्ची, वारा पडलेला असताना. सोबत दुधाचा चहा मला जमत नाही, साय जिभेवर बसते आणि चव लागत नाही. कोरी कॉफी चालते.

पाच-सहा प्रकार ओढून एखादा मनात भरला की मगच पेटीचा विचार करावा. सुट्या घेण्यापेक्षा पेटीत दर सिगारीमागे थोडी बचत होते. २५ची पेटी चौघांनी मिळून घ्यायची, प्रत्येकाच्या वाट्याला सहा येतात. उरलेली एक ज्याच्या घरी डबा असेल त्याची. पाकिटं बदलायचा खर्चही त्याचाच असतो.